आणखी एकडाव

गेल्या जूनमधली गोष्ट. मिरगाचा पाऊस नुकताच लागला होता आणि आमच्या कागलच्या गल्ल्यांतून ओल्या मातीचा वास दरवळत होता. शाळा सुटून मी पायऱ्या उतरत होते, तोच फाटकाशी एक ओळखीचे गृहस्थ छत्री मिटून उभे राहिलेले दिसले. सुतारकाम करणारे हे गृहस्थ. त्यांच्या मुलीला पंधरा वर्षांपूर्वी मी बाराखडी शिकवली. मुलगी आता डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेला बसते. पहिल्या खेपेला तिचे गुण कमी पडले. दुसऱ्या खेपेला थोडे वाढले, पण पुन्हा कमीच पडले. निकाल लागून दोन दिवस झाले होते.

“बाई,” ते म्हणाले, “पोरगी म्हणती, आणखी एकडाव बसते. गावातली माणसं म्हणत्यात, पुरं आता. तुमी तिला ल्हानपणापास्नं वळखता. तिच्यात चिकाटी हाय का न्हाई, ते तुमीच सांगा. चिकाटी आसंल तर डॉक्टर हुईलच न्हवं?”

मी त्या दिवशी त्यांना उत्तर दिले नाही. विचार करून सांगते, असे म्हणून वेळ मारून नेली. सांगावयाचे म्हणजे, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझा आहे की नाही, याचीच मला शंका होती. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. दहावीच ती, पण आमच्या घरात तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे शिकायची हौस होती, हट्टही होता. लग्न ठरले आणि तो विषय संपला. आज एका लहानशा खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते आणि संध्याकाळी चूल आवरली की कादंबऱ्या लिहिते. माझ्या अंगी चिकाटी नव्हती असे मला कोणी म्हटले, तर मी ते मुकाट्याने ऐकून घेणार नाही. पण चिकाटीने मी डॉक्टर झाले नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून मी आपली जुन्या पुस्तकांकडे वळले. कोल्हापूर आमच्यापासून पुणे-बंगळूर रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथला सरकारी दवाखाना, ज्याला आज सारे सीपीआर म्हणतात आणि जुनी माणसे अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, तो आम्हां कागलकरांच्या चांगला ओळखीचा. बाळंतपण, सर्पदंश, मोडलेला हात, काहीही असो, पहिली धाव तिकडे. संस्थानी काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात याच दवाखान्यातली एक जागा एका मुलीसाठी राखून ठेवली होती, आणि ती मुलगी त्या जागेवर कधी येऊन बसलीच नाही.

आनंदीबाई जोशी यांची कथा मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ने १९६८ पासून ती घरोघर नेली. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना, वयाच्या नवव्या वर्षी लग्न, पोस्टात नोकरी करणारे पती गोपाळराव, चौदाव्या वर्षाच्या सुमारास झालेले आणि दहा दिवसांतच गेलेले मूल. हे सारे आपण वाचलेले असते. पण या कथेची एक गाठ कोल्हापुरात बसलेली आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली होती, आणि बायकोला अमेरिकेत शिकवायचे म्हणून त्यांनी १८७८ साली मिशनऱ्यांकडे पत्र धाडले, ते याच गावातून. ते पत्र अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एका मिशनरी मासिकात छापून आले. सोबत संपादकांचा सल्लाही होता, की आधी धर्म बदलावा. पत्र तिथेच विरून जायचे. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला लागले म्हणून त्यांनी ते मासिक चाळले आणि पत्र वाचले. दातदुखीतून कोणाचे भाग्य उघडेल, सांगता येत नाही!

पुढे कार्पेंटरबाई व आनंदीबाई यांची पत्रे सुरू झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, तिने भरसभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. नवरा बरोबर नाही.

आता मी ज्याच्यासाठी हे सारे चाळत होते, ते सांगते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी एक अर्ज लिहिला. तिच्यापाशी रीतसर शाळेचे शिक्षण नव्हते. नवऱ्याने शिकवलेले इंग्रजी आणि बदल्यांच्या गावी मिळेल तेवढी शाळा, इतकीच पुंजी. त्या अर्जाचा आशय असा, की तुमच्या अटींत मी बसत नसेन. पण स्वकीयांचा आणि जातीचा विरोध मोडून ज्या निश्चयाने मला इथवर आणले, त्या निश्चयाचे काही मोल धरा. वाचून मी थबकलेच. दारात उभे राहून सुतारदादांनी मला जे विचारले, तेच या मुलीने सातासमुद्रापार विचारले होते. चिकाटी हाच माझा दाखला. तो चालेल का? आणि तिथल्या प्रमुख डीन रेचेल बॉडली यांनी तो दाखला चालवून घेतला. ११ मार्च १८८६ रोजी ती एम. डी. झाली. तिचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

येथवर वाचले की वाटते, मिळाले उत्तर! चिकाटी असली की झाले. पण इतिहास असा सरळ सूत कातून देत नाही.

एक तर, ही चिकाटी कोणाची? तिची की गोपाळरावांची? अभ्यास चुकला की लहान वयात नवऱ्याने आपल्याला कसे मारले, काय काय फेकून मारले, हे आनंदीबाईंनी त्यालाच लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. तरीही त्याच्यामुळेच आपण शिकलो, ही जाणीवही तिला होती. आमच्या शाळांतून आनंदीबाईंचा धडा शिकवताना ही पाने आपण हळूच उलटून टाकतो. मीही टाकली आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांना काय सांगायचे? पण मोठ्या वाचकांपासून ती लपवण्यात अर्थ नाही. मार खाऊन जो अभ्यास होतो त्याला चिकाटी म्हणावे की दुसरे काही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

आणि दुसरे, त्या चिकाटीची किंमत. कलकत्त्यात असल्यापासूनच तिला सतत डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा असे. फिलाडेल्फियाची थंडी, परके अन्न, रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास, यांत क्षयाने तिला गाठले. पण कोर्स सोडला नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला स्वतःचा रोग कळत नसेल काय? पण परीक्षेची तारीख समोर असली की आजार मागे ढकलता येतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेवढ्यापुरता तो मागे जातोही.

त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कोल्हापूर दरबाराने तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची डॉक्टर म्हणून नेमले. त्या वेळी पुढे ‘राजर्षी’ म्हणून गाजलेले शाहू महाराज अवघे बारा वर्षांचे होते. कागलच्या घाटग्यांच्या घरातून दोनच वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, ते दत्तक गेले होते. इकडे दवाखान्यात जागा तयार. हिवाळ्यात आनंदीबाई मायदेशी परतली. लोकांनी सत्कार केले. पण कोल्हापूरला ती पोहोचलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने डोळे मिटले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर कमी होता. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी त्यांच्या घरच्या स्मशानभूमीत त्या विसावल्या.

परीक्षा पास होण्यापुरती तिची चिकाटी शंभर टक्के खरी ठरली. पुढचे एकही बाळंतपण तिच्या हातून कोल्हापुरात झाले नाही.

मग त्या जागेवर पुढे कोण आले? इथे मला एका आई-मुलीची गोष्ट सापडली, आणि ती मला जास्त जवळची वाटली. कदाचित आई शिक्षिका होती म्हणून असेल. रखमाबाई केळवकर कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचे काम पाहत. १८९४ मध्ये कारभार हाती आल्यावर शाहू महाराजांनी मुलींच्या शाळांची जबाबदारी या बाईंवर सोपवली. त्यांची मुलगी कृष्णाबाई. हुशार खरीच, पण हुशार मुली तेव्हाही गल्लोगल्ली असतील. तिचे निराळेपण असे, की आई पुस्तकांत वावरणारी होती आणि दरबारात तिच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा राजा होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती शिकली, पुढच्या शिक्षणासाठी विलायतेलाही गेली, आणि परत येऊन थोरल्या दवाखान्यात, आनंदीबाईंची वाट पाहिलेल्या त्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, तिने कोल्हापूरच्या बायकांची सेवा केली. आनंदीबाईंच्या नावापुढे पोहोचण्याआधीच पूर्णविराम पडला. कृष्णाबाईंच्या नावापुढे कित्येक वर्षांची नोकरी आहे. गंमत पाहा, पहिलीवर कादंबरी निघाली, नाटक निघाले, चित्रपट निघाला. दुसरीचे नाव आमच्या तालुक्यातल्या दहा शिक्षकांना विचारले तर दोघेही सांगणार नाहीत. आम्हां कादंबरीकारांना अपुरे राहिलेले आयुष्य फार आवडते. जी रोज सकाळी वेळेवर वॉर्डात जाते, तिच्यात आम्हांला कथानक दिसत नाही.

तिसरी मुलगी राजवाड्यातली. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ साली शिकारीच्या अपघातात गेले. त्यांची पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अगदीच कोवळ्या वयाची. विधवा सुनेला चार भिंतींत न कोंडता महाराजांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सोनतळीच्या बंगल्यावर निरनिराळ्या जातींच्या मुली तिच्याबरोबर शिकायला ठेवल्या. १९२२ मध्ये महाराज गेले. तरी तिने अभ्यास सोडला नाही. १९२५ साली ती मॅट्रिक झाली. डॉक्टर व्हायचे, दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जायचे, असा बेत होता. तो बेत सिद्धीस गेला नाही. पुढे इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम केले, ते सर्वांना माहीत आहे. पण मॅट्रिकनंतर जे दार मिटले, त्या दाराशी मी जरा वेळ उभी राहिले. राणीचे दार मिटते, मग आपले मिटले यात नवल ते काय, असा एक खुळा विचार मनात आला. त्याने बरेही वाटले आणि वाईटही वाटले.

तीन मुली, एकच गाव, एकच दवाखाना. चिकाटीत कोण उणे, हे मला तरी सांगता येणार नाही. एक डॉक्टर झाली आणि जगली नाही, एक झाली आणि जगली, एक झालीच नाही.

हे सारे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितले. ती आता दुसऱ्या शहरात निवासी डॉक्टर आहे, एम. बी. बी. एस. होऊन पुढचे शिक्षण घेते आहे. ती हसली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही जे शोधताय, त्याच्यावर आमच्यात संशोधनं निघालीत.” मग तिने मला समजावून दिले. अमेरिकेत अँजेला डकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर २००७ साली चिकाटी मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. अपयशाने मी खचत नाही, एकदा घेतलेले काम मी तडीस नेतो, अशी वाक्ये. ती आपल्याला कितपत लागू पडतात ते आपणच सांगायचे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात नव्या कॅडेटांची पहिल्या उन्हाळ्यात कठोर कसोटी असते. तीत कोण टिकेल याचा अंदाज प्रवेशाच्या गुणांपेक्षा या प्रश्नावलीने अधिक चांगला बांधला. मग काय, जगभर चिकाटी मोजायची टूम निघाली. डॉक्टरी शिकणाऱ्यांनाही प्रश्नावल्या वाटल्या गेल्या. पण २०१७ साली मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे पुष्कळ अभ्यास, मिळून साठ हजारांहून अधिक माणसांचे, एकत्र करून पाहिले, तेव्हा डोलारा बराच खाली आला. चिकाटी म्हणून जे मोजले जाते ते बहुतांशी जुनेच आहे. नेटकेपणा, कामाशी इमान, जे आपल्या आज्या पोरीबाळींत पाहत असत तेच. यशाशी त्याचे नाते आहे, पण माफक. आणि त्यातही एकाच गोष्टीची आवड वर्षानुवर्षे टिकणे याला फारसे महत्त्व नाही. पडल्यावर पुन्हा कामाला लागणे, हा भाग त्यातल्या त्यात उपयोगाचा.

“शिवाय बाई,” ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात चिकाटी नाही असा माणूसच नाही. नसता तर आला असता का इथवर? मग मोजून काय कळणार?”

मला एकदम पटले. जोंधळा एकदा चाळणीतून काढला आणि पुन्हा त्याच चाळणीत घातला, तर खाली काय पडणार? २०२५ साली या प्रवेशपरीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलांनी नावे घातली. एम. बी. बी. एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. चाळणीची भोकेच इतकी बारीक, की चांगला जोंधळाही बाहेर राहतो. बाहेर राहिलेल्या प्रत्येकाला ‘तुझी चिकाटी कमी पडली’ म्हणणे हा त्या लेकरांवर अन्याय आहे, आणि तो आपण घरोघर, निकालाच्या दिवशी, चहा पिता पिता करतो.

मी तिला विचारले, की मग आत आलेल्यांत कोण टिकते? ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ज्याला रात्री दोन वाजता फोन करता येईल असे कोणीतरी असते, तो.

आमच्या कागलचे आनंद यादव यांनी १९८७ साली ‘झोंबी’ लिहिली. बाप शाळा सोडवून शेतावर राबवतो आणि पोरगा शिकण्यासाठी झोंबी घेतो, ती कथा. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आम्ही कागलकर ती चिकाटीचे स्तोत्र म्हणून वाचतो. यंदा मी ती पुन्हा काढली, तेव्हा मला निराळेच दिसले. तो पोरगा एकटा झोंबत नाही. आई त्याच्या बाजूने उभी राहते, दोघे मिळून गावातल्या वजनदार माणसाच्या वाड्यावर जातात, तो माणूस बापाला बोलावून घेतो, आणि मग शाळेचे दार पुन्हा उघडते. पुढे एक मास्तर त्याला कवितेची गोडी लावतात. फिलाडेल्फियात बॉडलीबाई होत्या, कोल्हापुरात महाराज होते, कागलात वाडा होता.

श्रावणात मी सुतारदादांच्या घरी गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून गणिते सोडवीत होती. डोळे खोल गेले होते. मी तिला चिकाटीबद्दल काही विचारले नाही. दोन्ही वर्षांचे गुण विषयवार मांडायला सांगितले. तिने वहीच पुढे केली. तिने ते आधीच मांडून ठेवले होते. जीवशास्त्र चांगले, रसायन बरे, घोडे अडते ते पदार्थविज्ञानात, दोन्ही वर्षे त्याच त्या चार धड्यांत. पहिल्या वर्षी तिने ते धडे जसे वाचले, दुसऱ्या वर्षीही तसेच, फक्त जास्त तास वाचले. “कोणाला विचारलंस?” म्हटले. “कुणाला विचारू, बाई? क्लासात दीडशे पोरं असत्यात.”

झोपतेस किती, तर चार तास. दुपारी जेवतेस का, तर कधी कधी.

मी बाहेर येऊन दादांना सांगितले, की आणखी एकदा बसू द्या. चिकाटी आहे म्हणून नव्हे. ती होती म्हणूनच तर मागची दोन्ही वर्षे गेली. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस मी शोधून देते. माझ्या ओळखीचे निवृत्त मास्तर आहेत, त्यांना संध्याकाळी वेळ असतो आणि ते पैसे घेणार नाहीत. पोरीने रात्री अकराला दिवा मालवायचा. आणि यंदाही नाहीच जमले तर बी. एस्‌सी. नर्सिंगचा अर्ज आजच घरात आणून ठेवायचा, म्हणजे निकालाच्या दिवशी घरात रडारड व्हायची नाही. नर्सिंगचे नाव काढताच मुलगी आतून म्हणाली, “बाई, मी डॉक्टरच हुनार.” आई चुलीपाशी होती, तिने पहिल्यांदाच तोंड उघडले. “आदी जेवायला ये म्हणावं तिला,” ती म्हणाली.

भाद्रपदात दादांना कमरेच्या दुखण्यासाठी थोरल्या दवाखान्यात न्यायचे होते, मीही एस. टी.ने बरोबर गेले. मुलगी होतीच. केसपेपरच्या रांगेत दादांना उभे करून आम्ही दोघी जुन्या दगडी इमारतीच्या बाजूला थांबलो. हा दवाखाना आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला आहे. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली, डोळे तारवटलेली पोरे-पोरी इकडून तिकडे धावत होती. एक मुलगी भिंतीला टेकून उभ्या उभ्या बिस्किटे खात होती. मी हिला आनंदीबाईंची जागा, कृष्णाबाईंची नोकरी, सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग तिने विचारले, “बाई, आनंदीबाई कोल्हापूरला आली आसती, तर तिला ह्या पायऱ्या चढाय झाल्या आसत्या का वो? क्षय हुता न्हवं तिला?”

मी काही बोलणार एवढ्यात दादांचा नंबर लागला.

परवा वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी ती फराळाचा डबा घेऊन आली. हाताला माती होती. धाकट्या भावाला अंगणात किल्ला करून देत होती म्हणे. मास्तरांकडे चारपैकी दोन धडे संपले आहेत. तिसऱ्यात अडले आहे. डबा ठेवून ती उठली, घड्याळाकडे पाहिले, आणि मास्तरांची वेळ झाली म्हणून हात न धुताच पळाली.